न्हाणीच्या भिंतीतले तीन ठोके

२६ ऑक्टोबर १९८६, रविवार. संध्याकाळ.
आजही चारला पाणी आलं आणि न्हाणीच्या भिंतीतून ठोके. ठक. ठक. ठक. मग लांब हुंकार. मालन सूप टाकून अंगणात. म्हणते, सासूबाई आल्या. म्हटलं, पाइपातली हवा आहे. वीस वर्षं सायन्स शिकवतोय, एवढं कळत नाही होय! आवाज थांबला नाही तर भाऊबीजेला संगमेश्वरला जाईन ती परत यायची नाही, असं बायकोने जाहीर केलंय. संकल्प : दोन दिवसांत निदान, तिसऱ्या दिवशी इलाज. दिवाळीची सुट्टी आहेच.

२७ ऑक्टोबर.
केसची पार्श्वभूमी लिहून ठेवतो. आई नऊ वर्षं सांगत होती, घरात नळ घे. मी म्हणायचो, पुढच्या सुट्टीत. ती विहिरीवरून कळशी आणायची आणि दाराच्या चौकटीवर तीनदा ठोकायची, म्हणजे मी उठून ती घ्यावी. मी खुर्चीतून आलो, आलो म्हणायचो. कळशी तीच आत न्यायची.
भाद्रपदात गेली. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. आंब्याची कलमं विकणार नाही म्हटलं, बाळाशी, म्हणजे धाकट्या भावाशी, भांडणार नाही म्हटलं. ढिम्म. शेवटी पुटपुटलो, आई, घरात नळ घेतो. कावळा लगेच आला. आठवड्यात नळ घेतला.
कावळ्याला तोवर भूक लागली असणार. मला अपराधी वगैरे वाटत नाही.

२८ ऑक्टोबर.
प्रयोग पहिला. पावणेचारलाच नळ उघडून हवा सोडणे. उघडला आणि खुर्चीत टेकलो. डोळा लागला. ठोक्यांनी दचकलो आणि तोंडातून निघालं, आलो, आलो. मालनने ऐकलं. मोरीच्या भोकात फडकं अडकलेलं, पाणी पार माजघरात. प्रयोग अंशतः यशस्वी.

३० ऑक्टोबर.
भिंतीला पितळी पेला लावून कान दिला. डॉक्टर छाती तपासतात त्याच तत्त्वावर. शेजारच्या यमुनाबाईंनी खिडकीतून पाहिलं. तासाभरात अख्ख्या वाडीत, मास्तर आईशी बोलतात.
संध्याकाळी नारळ घेऊन हजर. म्हणाल्या, गाऱ्हाणं घाला हो मास्तर, म्हातारीला नळाचं एक भांडं तरी मिळालं काय? अंधश्रद्धेवर दहा मिनिटं बोललो. मग नारळ फोडला. खोबरं वाया जाऊ नये, एवढाच हेतू. पाणी भिंतीच्या कडेला ओतलं. कुठेतरी ओतायलाच हवं होतं.

१ नोव्हेंबर.
छिन्नी-हातोडा घेऊन भिंत फोडली. पाइप न्हाणीच्या दुसऱ्याच भिंतीत निघाला. ठोके मात्र आज जास्त जवळून. घाम फुटला, तो श्रमाचा. मालन बॅग भरतेय. सगळेच कपडे भरतेय.

२ नोव्हेंबर, रविवार.
लवू प्लंबरला बोलावलं. नळ त्यानेच बसवलेला. हसला मेला. म्हणाला, मास्तर, क्लॅम्प मारतो म्हटलं होतं तर तुम्हीच ऐकलं नाहीत, आईला आधीच उशीर झालाय म्हणालात. चिऱ्याच्या खाचेत पाइप सैल आहे, पाण्याचा जोर आला की आपटतो. हुंकार वायसरचा. दहा मिनिटांत दोन क्लॅम्प, नवा वायसर, काम खलास. म्हणजे मी म्हणत होतो तेच, भूत नाही.

३ नोव्हेंबर.
चारला पाणी आलं. आवाज नाही. मालनने बॅगेतले निम्मे कपडे बाहेर काढले. विजय.

४ नोव्हेंबर, भाऊबीज.
मालन संगमेश्वरला. घरात एकटा. साडेतीनपासून खुर्चीत. पाणी केव्हा आलं कळलंच नाही. चहा निवला. पाच वाजता एकदा आई म्हणून हाक मारली. घसा तपासायला.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
मालन परत आली. सकाळी ती दळणाला गेल्यावर दोन्ही क्लॅम्प काढले. क्लॅम्पमुळे पाइपावर ताण येतो, हे शास्त्रीय कारण. या घरात माझ्या हातून नीट झालेलं हे पहिलंच काम.
चार. ठक. ठक. ठक. मालन पळाली नाही. माझ्या खिशातल्या पान्याकडे बघत राहिली, मग आणखी एक कप चहा ठेवला.
आलो म्हटलं. या खेपेला उठलो. नळाखाली कळशी भरली होती, ती उचलून स्वयंपाकघरात आणली.
बरीच जड असते.