बाबांच्या हातच्या न्योकी

४ मार्च
बाबांनी व्यायामाचा चेंडू खिडकीबाहेर फेकला! अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात लुळा, शिवणयंत्रावर चादर टाकलेली. व्यायाम शिकवणाऱ्या ताई म्हणतात, बोटं चालवत राहा. बाबांचं एकच — "मी शिंपी आहे, चेंडू कुरवाळणारं बाळ नाही!"
बोटांना खरं काम द्यायला हवं. मी हार मानणार नाही.

५ मार्च
न्योकी! बटाट्याचा इटालियन पदार्थ, मैत्रिणीकडे खाल्ला होता. उकडलेला बटाटा, मैदा, मीठ. लांब वळी करायची, तुकडे पाडायचे, एकेक तुकडा अंगठ्याने काट्या-चमच्यातल्या काट्यावरून घरंगळवायचा — छान रेघा उमटतात. अंगठ्यालाच तर काम हवंय! मग उकळत्या पाण्यात, तरंगल्या की लोण्यात खरपूस परतायच्या.
माझ्याकडून मैदा जास्त पडला. बाबा एकच बराच वेळ चघळत राहिले. "पदवीधर, ही खायची की बटण म्हणून कोटाला लावायची?" आईला हसता हसता ठसका लागला. किती दिवसांनी हसलो आम्ही!

८ मार्च
पुन्हा केल्या. माझ्या रेघा बघून बाबांना राहवेना. "सगळ्या तिरक्या! गिऱ्हाईक दारात तरी उभं राहील का?" मी काटा पुढे सरकवला. त्यांनी उजव्या हातात धरला. पडला. परत धरला, परत पडला. तो तिथेच टाकून उठून गेले.
फार घाई केली का मी?

१३ मार्च
कामावरून आले तर टेबलावर ताटभर न्योकी! एकसारख्या, रेघा अगदी सरळ. आई म्हणाली, "तुझ्या बापाने केल्या. मला हाकलून, दार लावून." परतताना लोण्यापेक्षा मीच जास्त तडतडत होते. कडा कुरकुरीत, आत लुसलुशीत. उजव्या हाताचा मुका घ्यायला गेले, तर बाबांनी तो मागे घेतला. "पिठाचा आहे गं."
व्यायामाच्या ताईंना लगेच फोन केला — अंगठा चालायला लागला! आता बाबांचं शिलाईचं दुकान पुन्हा उघडेल. प्रयत्न वाया जात नाहीत, मी म्हणतच होते!

१८ मार्च
आज लवकर सुटले. आई बाहेर गेलेली. बाबा टेबलाशी. उजवा हात मांडीवर, निपचित. डाव्या अंगठ्याखालून तुकडे भराभर घरंगळत होते.
मला बघून थांबले. "उजव्याला पेन्शन दिली, बाळा. हा उमेदवार नवा आहे. पण शिकेल."
मी दुसरा काटा आणला. त्यांच्या शेजारी बसले. तुकडा घेतला — डाव्या हाताने.