बंद भट्ट्यांचं तेल

प्रिय रबाब,

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण शेजारणी येईनाशा झाल्यात, मग तक्रार करणार कुणाजवळ? खजूर यंदा भरपूर लागलाय, तो उतरवायला मात्र माणूस मिळत नाही. आपल्या दाराशी दिसायची सगळ्यांना धास्ती.

भिंतीचं तुझ्या भावाने, मुहन्नदने, तुला फोनवर सांगितलंच असेल. लाल रंगात, हातभर अक्षरांत लिहून गेलेत, 'या घराशी आमच्या टोळीचं वैर आहे.' शेजारचा अबू गानिम लांबूनच मला ओरडून म्हणाला, "अबू मुहन्नद, आता तुझ्या घराचा पत्ता कुणाला सांगावा लागणार नाही बघ!" मीही हसलो. चौथ्या दिवशी गच्चीवर गोळ्या झाडल्या, तेव्हा मुहन्नदची मुलं तिथेच खेळत होती. पाण्याची टाकी फुटली, तेवढ्यावर निभावलं.

बगदादच्या तपासणी कचेरीत बसून तू बरोबर हुडकलंस. आमच्या डेपोतून वीटभट्ट्यांच्या नावाने स्वस्तातलं तेल रोज निघतं, भट्ट्या कधीच्या बंद, आणि टँकर थेट धक्क्यावरच्या होड्यांकडे, चोरून बाहेर विकायला. तू अहवालात डेपोच्या साहेबाचं, हातेमचं, नाव घातलंस. तुला वाटलं, आपण एका सरकारी अधिकाऱ्यावर लिहितोय. पोरी, इथे तो अधिकारी नाहीच, तो शेख मिज्बिलचा पुतण्या आहे. त्याची अब्रू गेली म्हणजे सगळ्या टोळीची गेली, आणि ती भरून द्यायची तुझ्या बापाने. कोर्टात तू डगमगली नसतीस, मला ठाऊक आहे. पण कोर्टात कुणी गेलंच नाही.

काल आम्ही त्यांच्या बैठकीत गेलो. आपल्या टोळीचे शेख, तुझे दोन्ही काका आणि मी. कॉफी आली. रीतीप्रमाणे आपल्या शेखांनी पेला न पिताच खाली ठेवला आणि म्हणाले, "आमचं मागणं मान्य झाल्याशिवाय पिणार नाही. या घराला माफ करा." मिज्बिल हसला. "प्या हो! पैसा नकोच आम्हाला. चूक झाली, एवढं पोरीने लिहून द्यावं. बाप प्यायला की शब्द दिला असं समजू." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला टाकीतून गळणारं पाणी दिसत होतं, आणि त्याखाली भिजलेली नातवंडं. मी पेला उचलला आणि प्यालो. तुला न विचारता. हातेमने उठून माझ्या खांद्याचं चुंबन घेतलं, मला काका म्हणाला.

रविवारी कचेरी उघडली की त्यांचा माणूस तुझ्या टेबलावर कागद आणेल. सही कर. कागद बघून तुला कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितोय. आणि तिथे तोंडातून फुटलं नाही तेही सांगतो. डेपोच्या फाटकावर सव्वीस वर्षं त्या टँकरांच्या चिठ्ठ्या मीच फाडून देत होतो. भट्ट्यांची धुराडी आपल्या अंगणातून दिसतात. त्यातून धूर निघत नाही, हे मला रोज दिसत होतं. तुझे आकडे खरे आहेत, रबाब. उलट कमीच आहेत. असं लिहिलेला कागद आता हा एवढाच उरेल. वाचून झाला की जाळून टाक.

तुझाच,
बाबा