रिबूला सांगायचं नाही

१४ मे, बुध.
चर्चच्या उन्हाळी शिबिराला मुली आल्या. ‘आनंद’ खोली माझ्याकडे, पाचव्या वर्षी पण तीच. आठ पलंग, एक कूलर, वर पत्रा. चार वाजता शिबिरप्रमुख सॉलोमन सरांनी आम्हा सगळ्या काउन्सेलरांचे फोन ऑफिसच्या कपाटात टाकले, किल्ली खिशात घातली. गेटला पण कुलूप. आजकालचं वातावरण बघून, म्हणे. दहा दिवस आता आतल्या आत.

आमच्या चर्चच्या वर्षाताई, नर्स आहेत त्या, मुलीला सोडायला आल्या. रिबेका, अकरा वर्षांची. सगळे रिबू म्हणतात. तिला खोलीत पाठवून मला बाहेर नळापाशी नेलं.
“जया, मी बावीसला कुवेतला जातेय. हॉस्पिटलमध्ये लागलंय, दोन वर्षं. रिबूला माहीत नाही. तू सांगू नकोस.”
मी म्हटलं, “म्हणजे तुमची भेट…”
“हीच.” मग खालच्या आवाजात, “एअरपोर्टवर तिने हात धरला तर मी जाणार नाही. आणि मला जायचंय गं.”
मी हो म्हटलं. का म्हटलं? समोर उभ्या होत्या म्हणून.

१५ मे, गुरु.
सहाला घंटा. पी.टी., प्रार्थना, पोहे, बायबल क्लास, खेळ, जेवण, विश्रांती. हे विश्रांतीतच लिहितेय. मुली झोपल्याचं नाटक करतायत. पत्रा तापलाय, कूलर नुसती ओली गरम हवा फेकतोय.

रिबूने मला धरूनच ठेवलंय. रांगेत माझ्या मागे, जेवताना माझ्या शेजारी.
“दीदी, आई तुम्हाला नळापाशी काय बोलली?”
“तुझं नाक गळतं, रुमाल देत जा म्हणाली.”
खुदकन हसली. किती सहज आलं ते तोंडात.

१६ मे, शुक्र.
आजचा पाठ आज्ञापालनाचा. मीच शिकवला. मुलींनी चित्रं काढली. बाकी काही नाही. अजून आठ दिवस.

१८ मे, रवि.
फोनचा दिवस. उपासनेनंतर ऑफिसबाहेर रांग, प्रत्येकीला घरी बोलायला तीन मिनिटं. मी घड्याळ घेऊन उभी. रिबूचं ऐकू येत होतं. हो जेवले, हो आंबा पण दिला, नाही रडत. मग उड्या मारत माझ्याकडे.
“आई बोलली, शनिवारी ती खुद न्यायला येणार! पप्पा नाही, ती! मग डायरेक्ट छप्पन दुकानला, चाट खायला!”

शनिवार म्हणजे चोवीस. बावीसला तर वर्षाताई उडणार.
गप्प राहायचं मी कबूल केलं होतं. हे नव्हतं केलं.

१९ मे, सोम.
सकाळी सरांना ऑफिसात गाठलं. मी शिकवते त्या शाळेच्या कमिटीचे सर सेक्रेटरी पण आहेत, माझी नोकरी दर जूनला त्यांच्या सहीवर. सगळं शांतपणे ऐकलं. त्यांना आधीपासून माहीत होतं.
“जया बेटा, ये उनके घर का मामला है. आपण फक्त प्रार्थना करायची.”
“सर, एक दिवस तिला घरी पाठवू या. आईला भेटून परत येईल.”
“पालकांनी लेखी मागितल्याशिवाय मूल गेटबाहेर जात नाही. तुला काय नवीन आहे हे?”

माझा फोन मागितला. दिला, पण इथेच बसून बोल म्हणाले. वर्षाताईंना लावला. मागे चिकटपट्टी ओढल्याचा आवाज, सामान बांधत असणार.
“शनिवारचं का सांगितलंत तिला?”
“तोंडातून निघून गेलं.”
“अजून वेळ आहे. तुम्हीच खरं सांगा ना. मी तिला फोनवर आणते.”
चिकटपट्टीचा आवाज थांबला. मग, “तू आई नाहीयेस, जया.” फोन कट.
सरांनी हात पुढे केला. फोन परत कपाटात.
नाहीये. खरंय ते. दिवसभर तेच डोक्यात.

२० मे, मंगळ.
भयंकर ऊन. दोघींचा घोळणा फुटला. खेळ रद्द, म्हणून खोलीत बसून घरच्यांसाठी कार्डं. रिबू कधी मराठी शाळेत गेली नाही, पण आईसाठी कार्ड मराठीतच हवं.
“दीदी, ‘सगळ्यांच्या’ मधला तो ळ कसा काढतात?”
मी काढून दाखवला. तिने तीनदा गिरवला. मग लिहिलं: आई, शनिवारी सगळ्यांच्या आधी ये.
शुद्धलेखन बघून ‘छान’ म्हटलं मी. त्याचंच वाईट वाटलं.

संध्याकाळी गेटपर्यंत गेले. राखणदार रामेश्वर भिया स्टुलावर.
“भिया, दस मिनिट के लिए खोल दो.”
“मैडमजी, चाबी सर के पास है.”
म्हणजे राखणदार पण आतच. सळ्यांना धरून उभी राहिले. देपालपूरची बस गेली. खिडकीत एक बाई शेंगा खात बसली होती. तिला उतरायचं असेल तिथे ती उतरेल, असं काहीतरी मनात आलं.

प्रार्थना करून पाहिली. मागायचं काय तेच ठरेना. वर्षाताईंनी न जावं? मी न सांगावं?

२१ मे, बुध.
सांगितलं.

जेवणानंतर ताटं धुवायची पाळी आमच्या खोलीची. बाकीच्या निघून गेल्या, ती मागे राहिली. म्हणाली, “दीदी, मला बघून तुम्ही असं तोंड का करता? मी काही केलं का?”
तिला वाटत होतं तिचंच काही चुकलंय. मग नाही राहवलं.
“रिबू, आई उद्या कुवेतला जातेय. कामाला. दोन वर्षांसाठी. शनिवारी पप्पा येतील.”
ताट घासत राहिली. घासलेलंच पुन्हा.
“तुम्हाला कधी कळलं?”
“पहिल्या दिवशी.”
“नळापाशी?”
“हो.”
ताट जाळीत उभं लावलं, फ्रॉकला हात पुसले. “मग नाकाचं काही नव्हतंच.”

रडली नाही. रडली तर काय करायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. न रडण्याचं काही ठरवलं नव्हतं. खोलीत जाऊन तिने जेनीशी पलंग बदलला. माझ्यापासून सगळ्यात लांबचा, भिंतीकडचा.

मग मीच सरांकडे गेले. चष्मा काढून टेबलावर ठेवला त्यांनी. “किसने हक दिया तुमको?” तिथल्या तिथे तिच्या पप्पांना लावला, ते सांवेर रोडला कारखान्यात. स्पीकरवर मशीनचा आवाज, त्यात ते: “सर, मी आत्ता निघतो… एक मिनिट, वर्षाला विचारतो.” दहा मिनिटांनी परत फोन. वर्षाताई नको म्हणाल्या. आता तर नकोच.
म्हणजे रिबूला सगळं माहीत, आणि तरी आतच.

२२ मे, गुरु.
विमान साडेचारचं, मुंबईवरून पुढे. अकरापासून ऑफिसात फोन. पहिल्यांदा सर स्वतः बोलवायला आले. “बेटा, मम्मी का फोन है.” रिबू म्हणाली, “मला नाही बोलायचं.” सर परत गेले. पुन्हा फोन, पुन्हा नाही. जेवली नाही. मी जवळ गेले की उठून दुसरीकडे.

साडेतीनला सरांनी मला न विचारता माझाच फोन हातात दिला. लाइनवर वर्षाताई. रिबू कडुलिंबाखाली एकटी होती.
“बोलू नकोस. नुसती ऐक,” म्हटलं.
घेतला. कानाला लावला. शब्द कळत नव्हते, पण वर्षाताईंचा आवाज येत होता, एकसारखा, मधे एअरपोर्टची घोषणा, परत त्यांचा आवाज. रिबू जमिनीकडे बघत. एक शब्द नाही. हूं पण नाही. मग फोन माझ्या हातात ठेवला.
“कट गया.”
कट झाला नव्हता. मी कानाला लावला तर पलीकडून “रिबू? रिबू?”
“मी जया. ऐकलं तिने सगळं.”
ऐकलं की नाही, मला काय माहीत.

२३ मे, शुक्र.
समारोप. गाणी, बक्षिसं. मुली स्टेजवर जाऊन काय शिकलो ते सांगतात. रिबूचं नाव आलं तेव्हा ती उठलीच नाही. कुणी आग्रह केला नाही.

नंतर सर: “माफीनामा लिहून दे. कमिटीसमोर ठेवतो. जूनचं मग बघू.” रागावले नव्हते. थकलेले वाटले.

कागद घेऊन बसले. पहिली ओळ पण सुचेना. सांगितलं नसतं तर गुरुवारी एकदा तरी हसत बोलली असती आईशी. खोटं का होईना. ते मी घालवलं. आणि सांगितलं नसतं तर उद्या सकाळपासून गेटकडे डोळे लावून बसली असती. दोन्ही सारखंच खरं वाटतं. लिहायचं काय?

२४ मे, शनि.
सगळ्यांच्या आधी तिचे पप्पा आले. दाढी वाढलेली. मला म्हणाले, “तुमच्यावर गुस्सा पण येत नाही, आणि थँक्यू पण म्हणवत नाही.” मी मान हलवली. रिबू बाइकवर बसली, बॅग मांडीवर. बघितलं नाही.

अकराला गेट सताड उघडं. फोन मिळाले. घरी आले. आई सरबत देता देता म्हणाली, “दोन ओळी लिहून टाक सरांना, विषय संपव. तुझं काय जातं?” माझ्या खोलीला पत्रा नाही, पंखा चांगला आहे, दार उघडं आहे. तरी दुपारभर बाहेर जावंसं वाटलं नाही.

२५ मे, रवि.
नऊची उपासना. चार बाकं पुढे रिबू, पप्पा, आजी. सर पहिल्या बाकावर. माफीनामा कोराच, पर्समध्ये. परवापर्यंत मुदत.

शांतीच्या वेळी सगळे उठून एकमेकांना हात देतात. आजीने मला दुरूनच हात जोडले. रिबू बाकातून बाहेर आली, दोन-तीन बायकांना हात दिला, मग माझ्यासमोर. हात दिला नाही. मी पण पुढे केला नाही.

“कुवेतमध्ये आत्ता किती वाजले?”

त्या ‘कट गया’नंतर मला बोललेलं हे पहिलं वाक्य. मी घड्याळ पाहिलं. दहाला दहा कमी. कुवेत अडीच तास मागे.
“सात वाजून वीस.”
“उठली असेल?”
“नर्स आहे. उठली असेल.”

तिने पप्पांकडे जाऊन त्यांच्या शर्टाच्या खिशातून फोन काढला. पुढचं गीत सुरू झालं, सगळे उभे, त्यामुळे दिसेना. गीत संपून सगळे बसले तेव्हा तिची जागा रिकामी होती आणि बाजूचं दार उघडं.