भाचीचे पाय

२ एप्रिल २०२१

आज सामान घेऊन मामांकडे, गोडादऱ्याला आले. आमचं मेडिकल कॉलेजचं हॉस्टेल रुग्णांसाठी रिकामं करून घेतलं आणि शेवटच्या वर्षाच्या आम्हा मुलामुलींना कोविड वॉर्डात मदतीला लावलंय. निंबामामा कापडाच्या लूमवर कामाला आहेत. मी दारात पोचले तर त्यांनी वाकून आधी माझे पाय धरले, मग बोटं डोळ्यांना लावली. आमच्या खानदेशात मामा भाचीच्या पाया पडतो. कॉलेजात मी हे कुणाला सांगितलेलं नाही. मामी हसून म्हणाली, आता रोज देवी घरी येणार. बापाचं बघून सात वर्षांच्या धनश्रीनंही नेलपॉलिश लावलेली बोटं माझ्या पायांवर टेकवली. सगळे हसले. मामांच्या बोटांचं मशीनचं तेल माझ्या अंगठ्याला लागलं. पुसलं नाही. बरं वाटलं.

४ एप्रिल

घराला नियम लावले. दारात साबण, चपला बाहेर, मी आले की थेट न्हाणीत. गल्लीतल्या बायकांना मास्क नाकावर कसा बसवायचा ते दाखवलं. मामीनं विचारलं, तू डॉक्टर होणार की मास्तरीण? मामांनी एक सोडून सगळं ऐकलं. मी ड्यूटीवरून आले की ते उंबऱ्यावर वाकतातच. मी मागे सरकले तर त्यांचा चेहरा उतरला. शेजारचे काशिनाथबाबा बघत होते. मामा त्यांना आमच्या बोलीत मोठ्यानं म्हणाले, मनी भाची डाक्टर शे, माझी भाची डॉक्टर आहे. मग मीच पाय पुढे केला.

७ एप्रिल

मामा आज म्हणाले, देवी कधी तोंड झाकून बसते का? मी मास्क हनुवटीवर ओढला आणि हसत म्हटलं, खुशाल राहा. माझे लशीचे दोन्ही डोस झालेत. पण लस घेतलेला माणूससुद्धा आजार घरी आणू शकतो, हे परवा गल्लीत मीच सांगितलं होतं. आमच्या घरात दहावीपुढे गेलेली मी पहिली. माझं प्रत्येक पुस्तक मामांनी आणून दिलंय. त्यांना नाही कसं म्हणायचं?

१२ एप्रिल

मामांना ताप. जेवणाची चव गेलीय. मी माझीही तपासणी करून घेतली. मला शिंकसुद्धा नाही, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह. मी आणला. मीच.

१८ एप्रिल

मला कॉलेजच्या एका खोलीत एकटीला ठेवलंय. समोरच्याच इमारतीत मामा ऑक्सिजनवर होते. आज सकाळी गेले. मामी फोनवर रडत सांगत होती, शेवटपर्यंत नर्सला म्हणायचे, मनी भाची डाक्टर शे. हनुवटीवर ओढलेल्या मास्कचं मी तिला सांगितलं नाही.

१९ एप्रिल

संध्याकाळी, रोज मी घरी पोचायचे त्याच वेळेला, डबा घ्यायला दार उघडलं. पायांवर बोटं टेकली. गार. बाहेर कुणी नव्हतं. अंगठ्यावर काळं तेल. इथे मशीनचं तेल कुठून—

२० एप्रिल

साबणानं धुतलं. स्पिरिटनं पुसलं. गल्लीत शिकवलं होतं तसंच, नखांच्या कडांपर्यंत. जात नाही. मोजे घातले, वर बूट घातले. बोटं बुटाच्या आत—

२१ एप्रिल

मामीला सगळं सांगून टाकलं. मास्क, रिपोर्ट, सगळं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, धनश्रीला ताप आहे. रोज संध्याकाळी उंबऱ्यावर वाकून बसते, बापासारखी. ओरडलं तर म्हणते, ताईचे पाय इथेच आहेत.

२२ एप्रिल

धनश्रीला ॲडमिट केलं. दाराकडे बघून म्हटलं, मामा, मला न्या, तिला सोडा. मी दोन मास्क लावलेत. आता काय उपयोग. तेल घोट्यापर्यंत आलंय.

२३ एप्रिल

संध्याकाळ झाली. पाय पलंगावर घेऊन बसलेय. आज मामा आले नाहीत. तेलही नाही. पाय स्वच्छ. बरं वाटलं, क्षणभर—

पायांवर काहीतरी टेकलं. हलकं. बोटं आहेत. लहान. नखांना नेल—

मामीचा फोन वाजतोय. उचलला तर ती सांगेल की—