बिळातली धाकटी

प्रिय आई,
आरिआके खाडीच्या चिखलातून तुझ्या लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे. दादाचा पाय बरा झाला का?

काल ओहोटीला सासूबाईंबरोबर कोळंबी धरायला गेले. बिळात कुंचला घातला की मोठी कोळंबी त्याला ढकलत वर येते.

"हळू! कुंचल्यानं पत्र लिहितेयस का?" सासूबाई ओरडल्या.

मोठीबरोबर तिच्याच बिळात राहणारी एक चिमुकलीही वर आली. सासूबाईंनी दोघींना परत सोडलं.

"मोठीलाही?"

"अगं, बीळ तीच उपसते. ती गेली की बीळ बुजणार. मग ही कुठं जाईल?" एवढं बोलून त्या खोकत राहिल्या.

तू विचारलंस, जावई गेले, आता तिथं तुझं कोण आहे?

दादाला न्यायला पाठवू नकोस.

तुझी,
मित्सुए