कॅमेऱ्याचं टोपडं

तारीख ३, सोमवार

आज आले. लेकीकडे, कायमची. सामान म्हणजे एक ट्रंक, एक शिलाई मशीन आणि दोन गुडघे, त्यातला एकच कामाचा. लेक गाडी घेऊन आणायला आली होती. रस्ताभर सांगत होती की आई, आता काही करायचं नाही, नुसतं बसायचं. नुसतं बसायला मी काय कुंडी आहे?

घर छान आहे. खाली जावयांचं दुकान, तिथे गाड्यांना सीट कव्हरं, काचेची फिल्म, कॅमेरे असलं बसवून देतात. वर तीन खोल्या. माझ्या खोलीच्या खिडकीतून मागचं आवार दिसतं, उजेड भरपूर. मशीन खिडकीखालीच लावलं. ही खोली नातीची आणि माझी मिळून.

नात आठ वर्षांची. दिवसभर तोंडातल्या तोंडात गुणगुणते, जेवताना, अभ्यास करताना, झोपेतसुद्धा. मी तिचं नाव भुंगा ठेवलं. तिनं विचारलं, किती दिवस राहणार. मरेपर्यंत, म्हटलं. तिनं थोडा विचार केला आणि सांगितलं की मग कपाटातला वरचा कप्पा तू घे, पण खालचा माझाच राहील. पोर पुढे जाईल.

डायरी जावयांनी दिली, टायरवाल्यांनी फुकट वाटलेली, पानापानावर टायर. डॉक्टर म्हणाला होता, विसरायला होतं तर रोज चार ओळी लिहा. मी चौथीपर्यंत शिकले. माझं शुद्धलेखन तपासायला कोणी येऊ नये.

तारीख ५, बुधवार

दोन दिवस बसून कंटाळले ते जावयांच्या लक्षात आलं. काम दिलं.

लोक गाडीच्या पुढच्या काचेला कॅमेरा लावतात. टक्कर झाली तर चूक कोणाची ते कळावं म्हणून. पण तो बाहेरून दिसला की चोर काच फोडून नेतात, आणि गाडीत बसलेले पाहुणे फोटो काढायला बसल्यासारखे ताठ बसतात. तेव्हा तो असायला तर हवा, पण डोळ्यात भरायला नको. जावई तो आरशामागे बसवतात, वायर छताच्या अस्तरात दाबून नेतात, चकचकीत कडेला काळा रंग मारतात, लुकलुकणाऱ्या दिव्यावर पट्टी लावतात. तरी दिसतोच. म्हणाले, आई, याला अंगाबरोबर बसणारं काहीतरी शिवाल का, डोळा तेवढा उघडा ठेवून? म्हटलं, तान्ह्या पोरांची टोपडी शिवली आहेत, तुमच्या कॅमेऱ्याचं डोकं काय मोठं लागून गेलं.

कापड त्यांनीच दिलं. काळं. मी आयुष्यभर काळं कापड शिवलंय, पण हे वेगळं. खिडकीत धरलं तरी ऊन अंगाला लावून घेत नाही. हाताला गार लागतं. काळ्यावर काळा दोरा मला दिसेना, भुंग्यानं सुई ओवून दिली. पहिलं टोपडं घरच्या गाडीला घातलं. त्या कॅमेऱ्याला दोन डोळे आहेत, एक रस्त्याकडे, एक आत बसलेल्यांकडे.

तारीख ८, शनिवार

टोपडी चालली! पाच गाड्या झाल्या. आज एक गिऱ्हाईक तणतणत आलं की कॅमेरा चोरीला गेला. जावयांनी बोट दाखवलं, हा काय. त्याला दिसेना. शेवटी त्याचा हात धरून कॅमेऱ्यावर टेकवला तेव्हा पटलं. आम्ही पोट धरून हसलो. त्यानं टोपडं काढून पाहिलं, खिशात घातलं, आणि परत वळून विचारलं, कुठे होता? टोपडं नसतानाही त्याला सापडेना. मग हसणं जरा कमी झालं.

कापड कुठून आणलं ते मी विचारलं. मागच्या आवारात एक झाकलेली गाडी उभी होती म्हणे. कधीपासून ते माहीत नाही. रोज शेजारून जायचे, एकदा गुडघा आपटला तेव्हा कळलं की इथे गाडी आहे. कोणाची, कोणालाच आठवेना. गाडी भंगारात दिली, तिच्यावरचं कापड ठेवून घेतलं, तेच हे. आत पाहिलंत का, म्हटलं. जावयांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, पाहिलं असेल की, आठवत नाही.

तारीख १२, बुधवार

हवा गार झाली आहे. भुंग्याच्या कोटाचं अस्तर काखेत फाटलं होतं, पोरगी माकडासारखी लोंबकळते सगळीकडे. टोपड्यांतून उरलेली चिंधी होती. मी कापडाची चिंधी टाकणारी बाई नाही. आतून ठिगळ लावलं, बारीक टाका घातला, कोणी सांगावं इथे ठिगळ आहे. तिनंच सुई ओवून दिली. घालून नाचून दाखवलं.

तारीख १४, शुक्रवार

शाळेतून फोन. मुलगी दोन दिवस का आली नाही. लेकीनं स्वतः नेऊन सोडलं होतं. बाईंशी भांडून आली. भुंगा म्हणते, मी हजर म्हणून ओरडले, बाईंनी वर बघितलं पण नाही. मी म्हटलं, तू आणि हळू बोलणार? तुझा आवाज दोन गल्ल्या ओलांडतो. तर ती रडायला लागली. रडताना मी पहिल्यांदाच पाहिली.

तारीख १८, मंगळवार

लेकीनं जेवायला तीन ताटं घेतली. जावयांचं, तिचं, माझं. चौथं कुठे, म्हटलं. लेकीनं जीभ चावली, दमलेय गं आई, म्हणाली, आणि ताट आणलं. आणलेलं ताट जावयांनी उचलून परत मांडणीत ठेवलं. जादा का काढलंय, म्हणाले. पोर समोर बसलेली होती. मी माझ्या ताटातलं तिला दिलं. आजकाल गुणगुणत नाही.

तारीख २०, गुरुवार

लेक शाळेतून एकटीच आली. मी विचारलं, भुंगा? कोण भुंगा, म्हणाली. मग म्हणाली, अगं हो, मागे बसली असेल. मागे नव्हती. तासाभरानं चालत आली, मोजे ओले. तिच्या आईनं दार उघडलं, बाहेर पाहिलं, वारा असेल म्हणाली आणि लावून घेतलं. पोर पायरीवर. मी उठून दार उघडलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला कोट काढायला लावला. काढून काही झालं नाही. त्या गिऱ्हाइकाच्या टोपड्यासारखंच. ज्याच्यासाठी टाका घातला त्याच्यावर तो बसतो. कापड काढून उपयोग नाही, टाका उसवायला हवा. घातला कोणी? मी.

कात्री घेऊन कोटापाशी गेले. खुंटीवर चार कोट असतात. मी तीनच मोजले. पाच वेळा मोजले.

तारीख २१, शुक्रवार

लेकीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, माझ्या कपाळाला हात लावला. डॉक्टरची वेळ घेते म्हणाली. आई, तुला एकच मुलगी झाली आणि मला तीही नाही, असं म्हणाली. रागानं नाही. दूध संपलं सांगावं तसं.

खालचा कप्पा रिकामा केला त्यांनी. जावयांनी फिल्मचे रोल ठेवले.

तारीख २३, रविवार

सकाळी उठले, खोलीत दुसरा पलंग का आहे कळेना. डायरी वाचली. भुंगा कोण, ते वाचून कळलं. अक्षर माझंच आहे. इतक्या चुका दुसरं कोणी करणार नाही, म्हणून विश्वास ठेवते.

दुपारी खाली गाडीत जाऊन बसले. कॅमेऱ्याच्या मागे छोटा पडदा आहे, आतलं दाखवतो. त्यात मी दिसले. माझ्या मागे एक मुलगी बसली होती. कोट घातलेला. वळून पाहिलं तर सीट. पडद्यात पाहिलं तर ती माझ्या खांद्याला हात लावत होती. मला काही लागलं नाही.

लेकीला बोलावून दाखवलं. तिनं पाहिलं. गोड आहे, म्हणाली, कुठल्यातरी गिऱ्हाइकाची असेल. मग भाजी आणायला गेली.

मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. हेच वाईट आहे.

तारीख २४, सोमवार

विचार केला. कॅमेऱ्याला ती दिसते, आम्हाला नाही. का? कारण कॅमेरासुद्धा त्याच कापडाखाली आहे. जो आत, त्याला आतले दिसतात.

हातभर कापड उरलंय. थंडीत पोलक्यावर घालते त्या सदऱ्याच्या गळ्याला आतून लावते. तिला गाठायचं, तिचा टाका उसवायचा, मग माझा. दोरा पांढरा घेतला आहे, म्हणजे नंतर सापडेल. म्हातारी आहे, मूर्ख नाही. सुई ओवायला पाऊण तास लागला.

कॅमेऱ्याची टोपडी उसवायला हवीत हेही लिहून ठेवते. आधी पोर.

तारीख २५, मंगळवार

सकाळी कोणी चहाला हाक मारली नाही. लागू पडलं तर.

ती जिन्यात बसली होती. तिसऱ्या पायरीवर. हडकली आहे, ओठ फुटलेत. मी समोर उभी राहिले तर आरपार बघत होती. मग नजर थांबली.

"आजी, मी तुला दिसते?"

"दिसतेस. नाक पूस."

तिनं पुसलं. इतके दिवस कुठे होतीस, असं विचारलं. मी म्हटलं, इथेच, आंधळी होते. कोट उलटा केला. तिनं बोटानं टाके दाखवले, मी कापले. सत्तावीस. इतके बारीक कशाला घातले मी. प्रत्येक टाक्याबरोबर ती थोडी जोरात श्वास घ्यायला लागली. सव्विसाव्याला गुणगुणली. मी म्हटलं, आता थांब, माझे पण दाखव. पण कात्री मिटली होती, सत्ताविसावा आपोआप सुटला.

ती उठली, माझ्या अंगावरून वर धावत गेली. भूक लागली म्हणून ओरडली. वरून लेक ओरडली, आधी हात धू, कसले ते घाणेरडे पाय. रोजच्यासारखं. जणू काही —

ताटं मांडल्याचा आवाज आला. तीन.

बरं झालं.

तारीख २६

गळ्याचा टाका शोधते आहे. पांढरा दोरा होता. आता काळा आहे. कापडानं रंग दिला त्याला.

डोळ्यांना दिसत नाही. बोटांना लागत नाही. बारीक टाका. माझाच हात.

खाली गाडीत जाऊन पडद्यात बघावं म्हटलं, मान वळवून टाका दिसेल. गाडी नव्हती. लेक शाळेत सोडायला गेली होती. कोणाला ते —

भुंग्याला. वर लिहिलंय.

तारीख

दुपार. ती शाळेतून आली. गात आली. हाक मारली तिला, तीनदा. सदरा काढून तिच्या पुढ्यात धरला, टाका शोध गं. तिनं खिडकीतून बाहेर बघितलं.

आईला विचारत होती, माझ्या खोलीत मशीन कोणाचं. लेक म्हणाली असेल कोणाचं, बाबांना विचार, काढून टाकू. जावई म्हणाले उद्या.

मी हललेले नाही. खुर्चीत आहे. सदरा मांडीवर, कात्री हातात. कुठेही कापावं का? कुठेही कापलं तर टाका सुटत नाही, कापड फाटतं. पण काहीतरी तर —

भुंगा खोलीत आली. रिकामी खुर्ची बघून दप्तर माझ्या मांडीवर टाकलं. जड आहे. वह्या काढते आहे, माझ्या पोटाला कोपर लागतं तिचं. गरम आहे. ती वाकली आहे, केस माझ्या तोंडावर, मी हळूच नाव घेतलं आणि तिनं मान वर केली आणि सरळ माझ्या डोळ्यांत —