वासरासाठी बांगड्या

नागपूर,
११ फेब्रुवारी १९७३

चंपतराव यांस,

धोंडबाचा रामराम. तुमचं पत्र येऊन महिना उलटला आणि उत्तर आज लिहितो आहे, याची माफी असावी. तिसरी शिकलेल्या माणसाची चार ओळी लिहिण्यात संध्याकाळ जाते, आणि माझ्या संध्याकाळी हल्ली एक वासरू खाऊन टाकतं. तुमच्या ताईला वाचता येत नाही, तेव्हा पत्र तुम्हीच वाचून दाखवाल. जिथे ‘वाचू नका’ लिहिलं आहे तिथे वाचू नका.

वासराचं असं झालं. यंदा पाऊस बुडाला, लोकांनी जनावरं सोडून दिली, आणि इथलं पांजरपोळ भरून गेलं. तिथले व्यवस्थापक भैय्याजी मोहल्ल्यात विचारत आले, आईवेगळी वासरं थोडे दिवस घरी कोण सांभाळतं? दूध पांजरपोळातून मिळेल. जो तो आपापल्या घरात शिरला. मीच ‘हो’ म्हटलं. कशाला म्हटलं, देव जाणे.

“घरी बाईमाणूस हाये ना, धोंडबाजी? दूधपितं हाये ते.”

“हाये नं,” मी म्हटलं. ताई माहेरी आहे हे सांगितलं नाही. (हे वाचू नका.)

वासरू आलं आणि पिईना. बोटं दुधात बुडवून तोंडात द्यायची, ती चोखता चोखता ते बादलीतलं दूध ओढतं, अशी रीत. माझी बोटं तोंडात घेईना. मलाही घास जाईना. पांजरपोळात त्याला पाजणाऱ्या बायजाबाईला विचारायला गेलो तर ती हसायला लागली. “त्याले माह्या बांगड्यांची सवय हाये. वाजल्याबिगर तोंड नाही लावत ते.”

घरी आलो, दार लावलं, कोनाड्यातल्या हिरव्या बांगड्या हातात चढवल्या. पठ्ठ्याने बादली चाटून साफ केली!

पण खिडकी उघडी राहिली होती. शेजारच्या नत्थूने पाहिलं. “काहून गा धोंडबाजी, भरल्याच का शेवटी बांगड्या?”

“दूध पाजून राहिलो, नाचून नाही राहिलो,” मी म्हटलं. पण जन्मभर गिरणीत काम केलं, कोणी एक शब्द बोललं नव्हतं. आता पोरं रस्त्यात मनगटं हलवून दाखवतात.

वर हे वासरू. मी दाराबाहेर पाय टाकला की हंबरतं. विहिरीवर गेलो तरी हंबरतं. कुठे चालले, केव्हा येता, असं घडीघडी विचारलं तर माणसाचं डोकं उठेल की नाही? ताईला मीही असंच विचारायचो. (हे वाचायला हरकत नाही.) तुमच्याकडे निघताना ती म्हणाली होती, “तिथं कडी एकडाव लावीन अन् झोपीन. तुमच्यासारखं दहा डाव कडी पाह्यले मले कोणी उठवणार नाही.”

दिवाळीत तुमच्या मंडळींचा पाय मोडला म्हणून ताई तिकडे आली, ते योग्यच केलं. पण परवा नत्थू खाप्याला गेला होता. त्याने मंडळींना बाजारात भाजीची पिशवी घेऊन चालताना पाहिलं. नत्थू खोटं बोलतो म्हणा.

ताई विचारेल, कोनाड्यात कोणत्या बांगड्या? माझ्या तर साऱ्या माझ्यापाशी आहेत. तिला सांगा, संक्रांतीच्या आधी कासार दारात आला होता. सणाला येईल असं वाटलं. त्याने माप विचारलं, मला सांगता आलं नाही, अंदाजाने घेतल्या. मोठ्याच घेतल्या असणार, नाहीतर माझ्या हातात कशा गेल्या?

वासरू ढुशी मारतं आणि एकेक वाढते. फुटते असं माझ्याने लिहवत नाही. तिच्या नावाने घेतलेल्या बांगड्या अशा वाढताना पाहून मनात काय काय येतं, रात्री उठून उरलेल्या मोजतो. (वाचू नका.) आता दोनच उरल्या आहेत. एक राहिली तर ती वाजणार कशावर? पुढच्या सोमवारी भैय्याजी पाहायला येणार. वासरू खंगलेलं दिसलं, किंवा घरात बाईमाणूस नाही हे कळलं, की ते त्याला परत नेणार. मग या घरात हंबरणारंही कोणी नाही. आणखी बांगड्या घ्याव्या तर कासार पुन्हा माप विचारेल.

ताई म्हणेल, माझ्या जुन्या पाठवून देते. तसं करू देऊ नका. काचेच्या बांगड्या टपालात टिकत नाहीत, वाटेतच वाढतात. हातात घालूनच आणाव्या लागतील. खाप्याहून सकाळची मोटार असते.

सोमवारच्या आत दोन ओळी तरी पाठवा. तोवर दाराची कडी मी लावत नाही. एवढं मात्र नक्की वाचून दाखवा.

तुमचा,
धोंडबा